शालिक, तुझ्या कागदातलं माझं वावर

शालिक,

परवा तुझी गंधमुक्ती झाली, दिवसकार्य संपलं. बोरी नदीच्या काठी सगळं गाव जमलं होतं, पुण्याहून तुझ्या संस्थेतली चार-पाच माणसं आली होती, आणि अमळनेरचे एक प्राध्यापक तुझ्यावर बोलले. तू किती देश फिरलास, किती परिषदांना बसलास, किती कागद लिहिलेस, हे सगळं त्यांनी सांगितलं. शेवटी म्हणाले, जगाच्या करारांपर्यंत शेतकऱ्याचा आवाज नेणारा खान्देशचा सुपुत्र. मी मागे लिंबाखाली उभा होतो. 'सुपुत्र' ऐकून तू कसा हसला असतास ते मला दिसलं. मलाही दोन शब्द बोला म्हणाले. मी नाही म्हटलं. लोकांना वाटलं, लहानपणापासूनचा दोस्त, रडू येईल म्हणून बोलत नाही. तसं नव्हतं रे. मला जे बोलायचं होतं ते तुझ्याशी होतं, आणि चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

म्हणून आता लिहितोय. तुला पत्र लिहायची सवय आहेच, फक्त ह्या वेळी पोस्टात टाकायचं नाही एवढंच.

आपण दोघं एका गावचे, एका शाळेतले, आणि धुळ्याला शेतकी शिकायला गेलो तेव्हाही एकाच खोलीत राहिलो. तू अभ्यास करायचास आणि मी तुझ्या वह्यांवर पास व्हायचो. पदवी हातात पडली तशी मी वडिलांच्या माघारी वावर बघायला गावी आलो, आणि तू पुण्याला एका छोट्या संस्थेत लागलास. संस्था शेतीचा आणि पर्यावरणाचा अभ्यास करायची. गावात कोणी विचारलं, शालिक काय करतो, तर मी सांगायचो, किडे मोजतो आणि त्याचा पगार घेतो. ते काही अगदी खोटं नव्हतं.

कारण पहिली काही वर्षं तू खरंच माझ्या वावरात येऊन किडे मोजायचास. दर पावसाळ्यात यायचास, आठ-आठ दिवस राहायचास. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून कपाशीच्या ओळीत उकिडवा बसलेला, हातात वही, कानामागे पेन्सिल. चवळीच्या शेंड्यावर मावा किती, मावा खाणारे ढालकिडे किती, ज्वारीच्या कणसावर पाखरं किती वेळा बसली आणि तिथून उतरून त्यांनी कपाशीवरच्या किती अळ्या टिपल्या. बाया निंदणी करता करता तुझ्याकडे बघून तोंडाला पदर लावायच्या. माझी माय मात्र हसायची नाही. ती म्हणायची, त्याला बघू दे, आपल्या वावराकडे इतकं निरखून कोणी पाहिलंय.

वावर मायचंच होतं, कागदावर नाव वडिलांचं असलं तरी. पेरणीच्या दिवशी बैलाच्या पाभरीमागे ती सरता धरून चालायची. ज्यांनी कधी पाहिला नाही त्यांना तू नेहमी समजावून सांगायचास, म्हणून मीही लिहितो: सरता म्हणजे पाभरीला दोरीनं बांधलेली बांबूची पोकळ नळी, वर वाटीसारखं तोंड. पाभर कपाशी पेरत पुढे जाते, आणि मागून बाई एका हातानं सरता उभा धरून दुसऱ्या हातानं त्यात वेगळं बी सोडत चालते. कपाशीच्या आठ ओळी झाल्या की एक ओळ मायची. त्या ओळीत तूर असायचीच, पण तिच्या पदराच्या ओट्यात आणखीही काय काय असायचं. चवळी, उडीद, थोडी ज्वारी, चिमूटभर तीळ, बांधाच्या अंगाला अंबाडी. कुठे काय सोडायचं ते ती चालता चालता ठरवायची. जमीन पाणथळ दिसली की एक, खडकाळ दिसली की दुसरं.

एका वर्षी तू तिच्या मुठीचं माप काढायला बसलास ते आठवतं का? ओसरीवर वर्तमानपत्रं पसरलीस आणि मायला म्हणालास, पेरताना घेता तशी मूठ घ्या आणि ह्यावर टाका. तिनं टाकली. तू दाणे मोजलेस. पुन्हा टाकायला लावलीस, पुन्हा मोजलेस. दहा वेळा दहा आकडे आले. तू वैतागलास, घाम पुसलास, आणि तिलाच विचारलंस की सारखी मूठ का येत नाही. तिनं तुझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू शिकून तुझं डोकं थोडं कमी झालंय.

"वावर का दरसाल सारखं राहस?" एवढंच म्हणाली आणि दाणे गोळा करून आत गेली.

 रात्री जेवताना तू मला म्हणालास, लोटन, मी चुकीची गोष्ट मोजत होतो. जपायचं असेल तर बियांचं मिश्रण नाही, तिचं ते ठरवणं जपायला हवं. मी म्हटलं, मग ते वहीत कसं मांडणार? तू म्हणालास, तेच तर कळत नाही. आज मला वाटतं, तुझं सगळं आयुष्य त्या एका प्रश्नावर गेलं, आणि तो तुला माझ्या मायनं ओसरीवर बसून दिला.

पुढे ब्याण्णव साली ब्राझीलमध्ये साऱ्या जगाची पर्यावरणाची परिषद भरली. तिच्या आधीच्या तयारीच्या बैठकांपासून तू त्या कामात गुंतलास आणि नंतर जैवविविधतेच्या कराराच्या बैठकांना जायला लागलास. सरकारी माणसं पुढे बसायची, तू मागच्या रांगेत, सल्लागार म्हणून. परत आलास की सुटकेसमध्ये कपडे कमी आणि कागद जास्त. आमच्या अंगणात खाटेवर ते पसरायचास आणि मला वाचून दाखवायचास. जंगलावर पानंच्या पानं, हवेवर, समुद्रावर, नाहीशा होणाऱ्या प्राण्यांवर. शेतीवरही होतं, नाही असं नाही. पण तू म्हणायचास, बघ, ह्यात शेत म्हणजे धान्य काढायची जागा नाहीतर औषधं मारून पाणी नासवायची जागा. निसर्ग म्हणून राखायचा तो बांधाच्या पलीकडचा. बांधाच्या अलीकडे मायनं जे राखलंय ते ह्यांच्या लेखी नाहीच.

तुला त्या करारांमध्ये एक ओळ हवी होती. एकच. जे शेतकरी अनेक पिकं एकत्र पेरून कीड आणि माती आपल्या समजुतीनं सांभाळतात, त्यांची वावरंही राखायच्या निसर्गात धरावीत आणि देशांनी त्यांना आधार द्यावा. ह्या सगळ्याला तू मराठीत 'कृषिपरिस्थितिकी' म्हणायचास. मी म्हणायचो, हा शब्द उच्चारेपर्यंत पेरणीचा वाफसा निघून जाईल. तू हसायचास आणि पुढच्या वेळी मुद्दाम तोच शब्द तीनदा वापरायचास.

मसुद्यात ज्या मजकुरावर एखादा देश अडून बसतो तो चौकटी कंसात टाकतात, हे तूच मला शिकवलंस. तुझी ओळ कायम कंसात. मी म्हटलं, म्हणजे गुरं कोंडवाड्यात घालतात तसं, मालक येऊन ओळख पटवेपर्यंत उभं राहायचं. तू टाळी दिलीस. म्हणालास, अगदी तसंच, आणि मला मालक दाखवावा लागतो. नुसतं तत्त्व सांगून चालत नाही. कोणाचं वावर, कोणतं गाव, आज तिथे काय उभं आहे, हे सांगावं लागतं. म्हणून तू एक पान तयार केलं होतंस. त्यात माझं नाव होतं, मायचं नाव होतं, बोरीकाठचं आमचं वावर होतं, ओळींचा नकाशा होता. आपलं वावर जगाच्या कागदात आहे, हे मी गावात दहा जणांना सांगितलं. मायला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, मग आता ते लोक पेरायला येणार का. तिला मिजास नव्हती. मला होती.

आपला मोठा वाद झाला तो मायच्या गुडघ्यांवरून. तिचे गुडघे गेले होते. त्या वर्षी तिनं अर्धं वावर कसंबसं पेरलं आणि बांधावर बसली ती उठेना. तू आलेलाच होतास. मी तुझ्यावर उखडलो. म्हणालो, तुझी सगळी कृषिपरिस्थितिकी एका म्हातारीच्या कमरेवर उभी आहे, ती कंबर तुझ्या कोणत्या करारात आहे ते दाखव. माझी बायको सरता धरायला तयार नव्हती, आणि तिनं का धरावा? शिवाय वावर पिकवायचं मला होतं, तुला नाही. तू वही मिटलीस आणि मायला दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपायला गेलास. तो वाद तिथेच राहिला. तुला उत्तर सुचलं नाही असं मी धरून चाललो आणि मनातून जिंकल्यासारखा खूश झालो.

पुढच्या चैत्रात माय गेली. तू पुण्याहून आलास, दहा दिवस राहिलास, माझ्यापेक्षा जास्त रडलास. तेव्हा मी तुला नीट आभाराचं बोललोसुद्धा नाही. आता बोलतो. माझ्या मायला जितकं तू ओळखलंस तितकं मी, तिच्या पोटचा असून, ओळखलं नाही.

आणि त्याच जूनमध्ये मी वावर बदललं. जिथे आठ ओळींमागे मायची एक ओळ असायची तिथे संकरित कपाशी लावली. दोरीनं उभ्या-आडव्या रेघा आखून, जिथे फुली पडते तिथे हातानं बी टोचायचं, म्हणजे पुढे कोळपं उभंही चालतं आणि आडवंही. गवत राहत नाही, बाया कमी लागतात. पण कोळपं दोन्हीकडून चालायचं तर मधे दुसऱ्या पिकाची ओळ उभी राहू शकत नाही. तूर गेली, चवळी गेली, ज्वारी गेली. पहिल्या वर्षी कापूस चांगला निघाला. दुसऱ्या वर्षीपासून फवारे वाढले. ढालकिडा मी पुन्हा पाहिला नाही, खरं तर बघितलाच नाही. सगळं गाव हेच करत होतं, मी काही वेगळं पाप केलं नव्हतं. फक्त सगळ्या गावाचं वावर तुझ्या कागदात नव्हतं.

तुला पत्रात लिहायचं म्हणून तीनदा बसलो. दर वेळी पाऊसपाणी, तब्येत, गावातली लग्नं लिहून झाली की पानच संपायचं.

मग दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात तू आलास. दोन महिन्यांनी मोठी बैठक होती, तुझी ओळ शेवटच्या फेरीत होती, आणि तुला वावराचा ह्या वर्षीचा फोटो हवा होता. कॅमेरा गळ्यात घालूनच तू एसटीतून उतरलास. मी म्हटलं, नाल्याला पाणी आलंय, वावरापर्यंत जाता येत नाही. दोन दिवस तू आमच्याकडे राहिलास, कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्लास, माझ्या पोरीला गणित शिकवलंस, आणि दोन्ही दिवस मी नाल्याला पाणी ठेवलं. शेवटी मीच म्हणालो, तू जा, पाणी उतरलं की मी फोटो काढून पाठवतो. तू बरं म्हणालास.

मी फोटो पाठवला. जुना. पुतणीच्या साखरपुड्याला अमळनेरहून फोटोवाला आला होता, तेव्हा मायच्या हट्टापायी त्याच्याकडून वावराचाही एक काढून घेतला होता. त्यात ओळी छान दिसत होत्या, कपाशी गुडघ्याएवढी, मधे तूर आणि ज्वारी, कडेला बांधावर बैल. चांगला जाड पुठ्ठा लावला आणि रजिस्टरनं पाठवला. वर चिठ्ठी लिहिली की पाणी उतरलं, हा घे ह्या सालचा. टपाल कचेरीतून बाहेर पडताना मला हलकं वाटलं, हे लिहायला लाज वाटते पण तसं वाटलं. मी स्वतःला समजावलं की परदेशातले साहेब काही अमळनेर तालुक्यात तपासायला येणार नाहीत. ओळ लागली तर कितीतरी खऱ्या वावरांचं भलं होईल. माझं नसेना का.

बैठकीहून तू परतलास ते सरळ गावी. पारावर आम्ही पाच-सहा जण बसलो होतो. मी लांबूनच विचारलं, काय शालिकराव, सुटली का ओळ कोंडवाड्यातून. सगळे हसले. तू पिशवी खाली ठेवलीस.

"गयी भो," म्हणालास आणि तूही हसलास.

आणि मी थांबलो नाही. इतकी वर्षं विमानानं फिरून एक ओळ लागत नाही, इतक्यात मी दोन विहिरी खणल्या असत्या, असं म्हणालो. पुढची तीन वर्षं, जेव्हा जेव्हा तू यायचास, मी हे निरनिराळ्या तऱ्हेनं म्हणत राहिलो. तुझी ओळ हा माझा हक्काचा विनोद झाला. तू कधी चिडला नाहीस. एकदा मात्र समजुतीच्या सुरात म्हणालास की अगदीच काही मिळालं नाही असं नाही. त्या करारात गावोगावच्या लोकांचं पिढीजात ज्ञान मानावं, जपावं असं एक कलम आहे, तेवढी पाय ठेवायला जागा आहे, पुढचे लोक तिथून वर चढतील. मी म्हटलं, चढू देत. इतक्या हलक्या तोंडानं म्हटलं मी ते.

आता गंधमुक्तीच्या दिवसाचं सांगतो. जेवणं झाली, पाहुणे पांगले, आणि मंगलावहिनींनी मला आत बोलावलं. तुझ्या पुण्याच्या कपाटात एक पातळ फाइल वेगळी ठेवलेली होती, वर नुसतं 'लोटन' लिहिलेलं. तुमचंच नाव आहे म्हणून आणलं भाऊजी, असं म्हणून त्यांनी ती माझ्या हातात दिली. मी घरी आणली. ऊन टळायची वाट न बघता पडवीत बसून उघडली. मला वाटलं माझी पत्रं असतील.

वर माझा फोटो होता. पाठीमागे तुझ्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलं होतं: "बांधावर पवळ्या उभा आहे."

पवळ्या, शालिक. आमचा पांढरा बैल, डाव्या शिंगाचं टोक तुटलेला. तो साप चावून गेला तेव्हा तुला पत्र लिहिणारा मीच. मायच्या आधी वर्षभर गेला तो. मी फोटो पुठ्ठ्यात घालताना ओळी नीट दिसतात का तेवढं पाहिलं, बांधावर उभा असलेला मेलेला बैल मला दिसला नाही. माझाच बैल. तो तुला दिसला, कारण तू माझ्या वावराकडे बघायचास ते निरखून.

फोटोच्या खाली ते पान होतं, नकाशाचं, माझ्या आणि मायच्या नावाचं. त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक रेघ मारलेली. आणि त्याच्या खाली तुझ्या डायरीचं फाडलेलं पान, त्या बैठकीच्या दिवसाचं. मराठीतच लिहिलंय तू: "दुपारी अध्यक्षांनी विचारलं की ही पद्धत आज कुठे चालू आहे, एक शेत सांगा. मी म्हणालो, आज खात्रीनं सांगता येईल असं शेत माझ्या माहितीत नाही. त्यावर चर्चा झाली नाही. ओळ वगळली."

मी ते किती वेळा वाचलं ठाऊक नाही. बायको चहा ठेवून गेली, तो तसाच निवला. तुझ्या खिशात फोटो होता. माझी चिठ्ठी होती, ह्या सालचा म्हणून सही केलेली. तू नुसता तो फोटो वर धरला असतास तरी चाललं असतं. माझा हिशेब बरोबर होता, तिथलं कोणीच इथे बघायला येणार नव्हतं. तू मात्र तिथे त्या लोकांसमोर उभा राहून खोटं बोलला नाहीस, आणि इथे पारावर माझ्यासमोर बसून खरं बोलला नाहीस. दोन्ही माझ्यासाठी केलंस, हे मला कळतं आणि सहन होत नाही.

संध्याकाळी वहिनींकडे गेलो. त्यांना सगळं सांगितलं, फोटोचं, नाल्याचं. त्यांना ठाऊक होतं. म्हणाल्या, एका फोटोनं काय होणार होतं भाऊजी, मोठ्या देशांना ती ओळ नकोच होती, तशीही गेली असती. असेलही तसं. तू असतास तर तूही हेच म्हणाला असतास. पण ती कशानं गेली असती हे आता कळायला मार्ग नाही, आणि ती जेव्हा गेली तेव्हा माझ्या वावरापाशी अडून गेली, एवढं मला कळतं.

डायरीच्या पानाच्या तळाशी आणखी एक वाक्य आहे, वेगळ्या शाईत, नंतर कधीतरी लिहिलेलं: "लोटनचा दोष नाही. सरता धरायला कोणी उरलं नाही, हे मी एकाही कागदात लिहिलं नाही."

म्हणजे तो कमरेचा वाद तू विसरला नव्हतास. मी बांधावर ओरडून बोललो ते तू इतकी वर्षं मनात धरलंस आणि शेवटी माझ्या बाजूनं निकाल दिलास. इथे मात्र मी तुझ्याशी भांडणार आहे, ऐक. दोष होता. वावर बदललं हा नसेल. माय गेली, बैल गेला, एकट्या माणसानं किती ओढायचं. पण मी तुला वेळेवर सांगितलं असतं तर तू माझं पान खोडलं नसतंस, ते नव्यानं लिहिलं असतंस. असं वावर आमच्याकडे होतं, ते गेल्या साली मोडलं, ते ह्या ह्या कारणानं मोडलं, आधार म्हणतो तो ह्यासाठीच हवा. मालकानंच येऊन सांगितल्यासारखं झालं असतं ते. त्या लोकांना तेच ऐकवायला हवं होतं. ते तुझ्याकडे नव्हतं, माझ्याकडे होतं, आणि मी नाल्याला पूर आलाय म्हणून सांगत बसलो.

गावात आता कोणाकडेच सरता नाही. मी काल विचारून पाहिलं. दोन-तीन म्हाताऱ्यांना हाताची खूण आठवते, कुठे काय सोडायचं ते आठवत नाही. मायच्या ओट्यात काय काय असायचं हे संपूर्ण कुठे लिहिलेलं असेल तर तुझ्या जुन्या वह्यांमध्ये. त्या वहिनी मला देणार आहेत. त्यातून काही उगवेल असं मी तुला खोटं सांगत नाही. खोटं एकदा सांगून झालंय.

गेल्या चैत्रात तू आलास ती शेवटची खेप. तुला दम लागत होता, चार पावलं चाललास की थांबायचास, आणि मी म्हणायचो विमानात बसून बसून पाय गेले तुझे. अमळनेरच्या स्टँडवर तुला सोडायला आलो. तुला खिडकीची जागा मिळाली. पिशवी वर दिली, केळी दिली, वहिनींना नमस्कार सांग म्हटलं. गाडी सुटायला अवकाश होता. तू खिडकीच्या गजांना धरून माझ्याकडे नुसता बघत राहिलास. मला वाटलं तुला बरं वाटत नाहीये.

"लोटन," तू म्हणालास, "तुले काही सांगणं शे का?"

मी म्हटलं, "काही नही."

तू मान हलवलीस. ड्रायव्हर चढला, गाडी मागे सरकली, मी हात केला. तेव्हा तो फोटो तुझ्या कपाटात तीन वर्षं पडून होता, आणि तू मला ते माझ्या तोंडानं सांगायची शेवटची संधी देऊन निघाला होतास.

शे, शालिक. सांगणं शे. मायच्या मागे ते वावर मी मोडलं, आणि तुला खोटा फोटो पाठवला.